करारोपणाचे अधिकार : वाशिम व वऱ्हाड

राज्यसंस्थेच्या निरनिराळ्या स्तरांना प्रजेकडून सक्तीने पैसा, धान्य वा श्रम वसूल करण्याचा जो मान्यताप्राप्त हक्क असतो, त्यास करारोपणाचा अधिकार म्हणतात. कर किती असावा, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. कर कोणी बसवावा, हा मुख्यत्वे इतिहासाचा व विधीचा प्रश्न आहे. एकाच जमिनीवर, एकाच पेठेवर किंवा कापसाच्या एकाच गाडीवर एकाहून अधिक सत्ता हक्क सांगू लागल्या, म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. या दृष्टीने महाराष्ट्रातील वाशिम जिल्ह्याचा प्रदेश विशेष उद्‌बोधक आहे. हा जिल्हा अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. तथापि ‘बासिम’ या नावाचा स्वतंत्र जिल्हा इंग्रजी अमदानीतही होता व तो १९०५ मध्ये मोडण्यात आला. त्याचे वाशिम व मंगरुळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडण्यात आला. दीड हजारांहून अधिक वर्षांच्या काळात या भूमीत कर घेणारे हात अनेकदा बदलले. बऱ्याच वेळा ते एकाच वेळी दोन-दोन होते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिम येथे सापडला आणि त्यामुळे वाकाटकांच्या इतिहासाची मांडणीच बदलली. इ. स. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील हा ताम्रपट राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेला आहे. नांदीकट (नांदेड) विभागातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात असून दानाचा तपशील प्राकृतात आहे. करांच्या इतिहासाच्या दृष्टीने यातील परिहारांची, म्हणजे दान दिलेल्या गावाला मिळालेल्या सवलतींची यादी अधिक मोलाची ठरते. राजपुरुषांनी व सैनिकांनी गावात शिरू नये. मिठासाठी खोदकाम करू नये. सोने व धान्य यांच्या रूपाने प्रणय नावाची मागणी करू नये. फुले व दूध घेऊ नये. गाई-बैल पाळीपाळीने पुरविण्याची सक्ती करू नये. कातडी व कोळसा मागू नये. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यांसाठी खाटा व शिजविलेला भात यांची सोय गावाकडून करून घेऊ नये, अशा आशयाची ही यादी आहे. एका गावाला माफी म्हणून ज्या गोष्टी दिल्या, त्याच इतर गावांना नित्याच्या ओझ्यासारख्या द्याव्या लागत, हे उघड आहे. तेव्हा करांची अनुसूची म्हणून ही माफीची यादी वाचण्यास हरकत नाही. तीत राजाचा नियमित वाटा, प्रसंगोपात्त मागण्या, राजाची मक्तेदारी (मीठ, खनिजे) आणि वेठ असे चारही प्रकार एकत्र दिसतात. अर्थशास्त्रात ‘प्रणय’ ही संकटकाळी करावयाची जादा मागणी म्हणून येते. येथे ती नेहमीच्या करांच्या ओळीत जाऊन बसली आहे. तात्पुरत्या म्हणून सुरू झालेल्या पट्ट्या पुढे कायम होण्याची रीत नवी नाही, हे यावरून दिसते.

याच घराण्याच्या मुख्य शाखेतील दुसरा प्रवरसेन याचा चम्मक (अमरावती जिल्हा) येथील ताम्रपटही याच प्रकारचा आहे. मात्र त्यात एक महत्त्वाची अट आहे : दानधारकांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी वा तत्सम गंभीर अपराध करू नयेत, लढाई करू नये व इतर गावांना उपद्रव देऊ नये, तसे केल्यास राजाने जमीन परत घेतल्यास तो चोरीचा दोषी ठरणार नाही. कर घेण्याचा हक्क दुसऱ्याकडे दिला, तरी त्यामागची अधिसत्ता राजाने स्वतःकडे राखली होती, असा याचा अर्थ होतो. पुढील काळात केंद्र व प्रांत, प्रांत व नगरपालिका यांच्यातील वादांचे मूळ सूत्र हेच आहे.

मध्ययुगात वऱ्हाड बहमनी राज्याचा प्रांत झाला; नंतर इमादशाहीकडे, १५७४ मध्ये निजामशाहीकडे आणि १५९६ मध्ये मोगलांकडे गेला. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशिम हे एक स्वतंत्र सरकार म्हणून नोंदलेले आहे. सुभा, सरकार, परगणा व गाव ही उतरंड येथे रूढ झाली. वसुलीचे खरे काम मात्र परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-कुलकर्णी (वऱ्हाडात पाटील-पटवारी) यांच्याकडेच राहिले. यांचे हक्क वंशपरंपरागत असल्याने वरची सत्ता बदलली, तरी खालची यंत्रणा टिकून राही. नवा सत्ताधीश पहिल्यांदा शोधी तो देशमुखाला, हे ध्यानात घेतल्यास पुढील दोन शतकांची दुहेरी वसुली कशी शक्य झाली, ते उमगते.

या दुहेरी वसुलीचा आरंभ वाशिम जिल्ह्यापुरता कारंजापासून धरता येतो. कारंजा ही तटबंदीची श्रीमंत व्यापारी पेठ होती. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली आणि त्याच मोहिमेत गावोगावच्या प्रमुखांकडून वसुलाचा चौथा हिस्सा देण्याचे लेखी करार घेण्यात आले. येथे लुटीपेक्षा करार महत्त्वाचा आहे. लूट एकदाच घेता येते. लेखी कबुलायतीने ती वार्षिक मागणी होते आणि मागणी नियमाने पुरी होऊ लागली, की तिला हक्काचे रूप येते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या सनदांनी वऱ्हाडासह दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या हक्काला बादशाही मान्यता मिळाली. चौथाई वसुलाच्या चौथ्या हिश्शाइतकी, तर सरदेशमुखी दहाव्या हिश्शाइतकी असे. चौथाईचेही पोटविभाग होते : पाव हिस्सा राजबाबती, उरलेल्या पाऊणाचा मोकासा, मोकाशातून सहा टक्के साहोत्रा व तीन टक्के नाडगौडा वेगळा निघे. एकाच परगण्याच्या वसुलावर अशा रीतीने निरनिराळे हक्कदार निर्माण झाले. तरी या पद्धतीला निव्वळ अनागोंदी म्हणणे योग्य ठरणार नाही. हिस्से ठरलेले होते, त्यांचे हिशेब लिहिले जात आणि तंटे मुख्यतः हिशेबाचेच होत.

१७२४ मध्ये साखरखेर्डा (बुलढाणा जिल्हा) येथील लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून निजामुल्मुल्क दक्षिणेत व्यवहारतः स्वतंत्र झाला. त्यानंतर वऱ्हाडावर नाव निजामाचे व वसुलात मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा अशी स्थिती सुमारे ऐंशी वर्षे टिकली. तिला दुअंमल म्हणत. ठरलेल्या हिश्शाखेरीज भोसल्यांची फौज घोड्यांच्या वैरणीसाठी म्हणून ‘घासदाणा’ वसूल करी. १७६९ च्या कनकापूरच्या तहात माधवराव पेशव्यांनी जानोजी भोसल्यांकडून औरंगाबाद सुभ्यातील घासदाण्याची वसुली थांबविण्याचे कबूल करून घेतले. त्याऐवजी ठरावीक रक्कम नेमून घ्यावी व ती न मिळाल्यासच बळाने वसूल करावी, असे ठरले. फौजेच्या मागणीचे रोख रकमेत रूपांतर करण्याचा हा प्रयत्न होता आणि त्याची प्रेरणा रयतेच्या कळवळ्यापेक्षा पेशव्यांच्या स्वतःच्या वसुलाचे संरक्षण करणे ही होती.

१८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील हक्क संपला व दुअंमल मोडला. रयतेचे ओझे मात्र हलके झाले नाही. हैदराबादच्या दरबाराने वसूल इजाऱ्याने देण्यास प्रारंभ केला. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडाचा मोठा भाग इजाऱ्याने होता. १८३९ मध्ये त्याला दूर करून तो मेसर्स पेस्तनजी या पेढीकडे सोपविण्यात आला आणि १८४५ च्या सुमारास पेस्तनजींनाही तो सोडावा लागला. पेस्तनजींनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून कापसाची पहिली मोठी निर्यात केली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. इजारा पद्धतीत करारोपणाचा अधिकार हा राज्याने आगाऊ रकमेच्या मोबदल्यात विकावयाचा माल ठरतो. इजारदाराची मुदत अल्प व अनिश्चित असल्याने जमिनीत पुढच्या वर्षी काय उरते, याची फिकीर त्याला नसे.

नेमून दिलेले जिल्हे : हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागविण्यासाठी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. प्रदेशाची मालकी निजामाची व वसूल इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. खर्च वजा जाता उरणारी शिल्लक निजामास द्यावयाची होती. पण प्रशासनाचा खर्च किती दाखवावा, हे वसूल करणाऱ्याच्याच हाती असल्याने शिल्लकीवरून सालारजंगाच्या काळात दीर्घ वाद झाला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आले व निजामास दरसाल २५ लाख रु. देण्याचे ठरले. पुढल्याच वर्षी ते मध्य प्रांताच्या मुख्य आयुक्ताच्या कारभाराखाली आले. एका मोठ्या प्रदेशाच्या संपूर्ण करारोपणाधिकाराची किंमत ठोक रकमेत ठरविल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण होय.

या व्यवस्थेचा एक विधिविषयक परिणाम असा, की वऱ्हाड हे ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. त्यामुळे कलकत्त्याच्या विधिमंडळाचे अधिनियम येथे आपोआप लागू होत नसत. ते हैदराबाद रेसिडेन्सीचे आदेश व गव्हर्नर जनरलचे ‘वऱ्हाडचे कायदे’ या मार्गांनी लागू करावे लागत. जमीन महसुलाची पद्धत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी होती. १८६१ पासून मोजणी होऊन तीस वर्षांसाठी धारे ठरविण्यात आले. १८८६ चा वऱ्हाड म्युनिसिपल कायदा, १८९६ चा जमीन महसूल कायदा व १८९७ चा कापूस व धान्य बाजार कायदा हे याच मार्गाने आले.

यांपैकी शेवटच्याचा उगम कारंजात आहे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे स्थापन झालेला कापूस बाजार हा भारतातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. अमेरिकन यादवी युद्धानंतर वऱ्हाडाचा कापूस मँचेस्टरच्या व्यापाराशी जोडला गेला होता आणि गाडीवर कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडून दलाल, मापारी व खरेदीदार यांची नाना प्रकारची कपात होत असे. नियंत्रित बाजारात जागा नेमून देण्यात आली, दलाल व मापाऱ्यांना परवाने घ्यावे लागले आणि मालावर ठरावीक शुल्क आकारले जाऊ लागले. हे शुल्क कोणाचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. समित्यांमध्ये व्यापाऱ्यांचा व नगरपालिकेचा वरचष्मा होता व शेतकऱ्यास पुरेसे स्थान नव्हते. बाजाराची शिल्लक गावच्या इतर कामांकडे वळे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडी बाजारांचा नमुना इतर प्रांतांपुढे ठेवला, परंतु बाजाराचा पैसा बाजाराच्याच कामी लागावा असेही सुचविले. जो शुल्क देतो त्यालाच त्याच्या मोबदल्यात सेवा मिळावी, या तत्त्वाने कर व शुल्क यांत भेद केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने बाजार समित्यांच्या शुल्काबाबत १९७९ मध्ये केवल कृष्ण पुरी खटल्यात हेच तत्त्व कसोशीने लावले. कारंजातील गाडीवाल्यास त्याचा अनुभव त्याआधी नव्वद वर्षे येत होता.

प्रांतिक स्वायत्तता व पेट्रोलचा कर : १९१९ च्या सुधारणांनी जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक इ. बाबी प्रांतांकडे आणि सीमाशुल्क, आयकर, मीठ व अफू या केंद्राकडे गेल्या. १९२० च्या अनुसूचित कर नियमांत स्थानिक संस्थांना बसविता येतील अशा करांची–घरे, वाहने, जकात, सीमांत कर, व्यवसाय इ.–एक वेगळी यादी देण्यात आली. ही यादी पंधरा-सोळा वर्षेच टिकली. परंतु स्थानिक संस्थांच्या करांना स्वतःचे नाव व स्थान मिळाले, असा हा भारतीय वित्तेतिहासातील बहुधा एकमेव काळ होता. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने संघ, प्रांत व समवर्ती अशा तीन सूच्या केल्या आणि स्थानिक संस्थांचे कर प्रांतिक सूचीत विलीन झाले. तेव्हापासून नगरपालिका वा ग्रामपंचायत यांना कर बसविण्याचा स्वयंभू अधिकार नाही. प्रांत वा राज्य आपल्या सूचीतून जेवढे देईल तेवढेच त्यांचे. स्वतंत्र भारताच्या संविधानातही हीच मांडणी राहिली. मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने (१९५३-५४) काही कर स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली; तरीही अशी संविधानिक सूची झाली नाही.

वऱ्हाड व मध्य प्रांत यांचा जोडसंसारही करांच्या वाटणीवरून धुसफुसत होता. वऱ्हाडाचा कापूस अधिक महसूल देतो व तो मध्य प्रांतावर खर्च होतो, ही वऱ्हाडी प्रतिनिधींची तक्रार होती. तिच्या निवारणार्थ खर्चाची वाटणी ठरविणारे ‘सिम सूत्र’ विसाच्या दशकात करण्यात आले. १९३५ च्या अधिनियमाने निजामाची नाममात्र अधिसत्ता मान्य करूनही वऱ्हाड व मध्य प्रांत मिळून एकच गव्हर्नरचा प्रांत मानला.

या प्रांताच्या विधिमंडळाने १९३८ मध्ये मोटारीचे इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर मूल्याच्या पाच टक्के कर बसविला. रक्कम फारशी मोठी नव्हती. तथापि प्रश्न मोठा होता आणि गव्हर्नर जनरलने तो संघ न्यायालयाकडे मतार्थ पाठविला. नव्या न्यायालयापुढे आलेला हा अशा प्रकारचा पहिलाच संदर्भ. ‘हिंदुस्थानात उत्पादित मालावरील उत्पादन शुल्क’ हा विषय संघाच्या सूचीत, तर ‘मालाच्या विक्रीवरील कर’ हा प्रांताच्या सूचीत होता. पेट्रोल देशात तयार झालेले असेल, तर पंपावरील विक्रीवरचा कर हे रूप बदललेले उत्पादन शुल्कच नव्हे काय, असा केंद्राचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला असता, तर विक्रीकर या नावाखाली प्रांतांच्या हाती फारच थोडे उरले असते. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, न्या. सुलेमान व न्या. मुकुंद रामराव जयकर यांनी स्वतंत्र मते लिहिली. निष्कर्ष एकच होता. उत्पादन शुल्क हे उत्पादनाच्या वा निर्मितीच्या निमित्ताने घ्यावयाचे असते. माल उत्पादकाच्या हातून सुटून बाजारात विकला जातो, तेव्हा त्या विक्रीवर प्रांताचा हक्क आहे. दोन्ही नोंदी एकमेकींना मारक न ठरतील, असा त्यांचा अर्थ लावला पाहिजे. डिसेंबर १९३८ च्या या मताने मध्य प्रांत व वऱ्हाडाचा अधिनियम वैध ठरला.

या निर्णयानंतर प्रांतांना धीर आला. मद्रासने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर बसविला आणि हळूहळू इतरांनी त्याचे अनुकरण केले. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर अधिनियम’ १९४७ चा. वाशिम-कारंजाच्या दुकानदारांना तो मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ अमलात येईपर्यंत लागू होता. राज्यांच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत पुढे सुमारे सहा दशके विक्रीकर हाच राहिला. त्याच्या वैधतेचा पाया ज्या वादात घातला गेला, तो या प्रदेशाच्या कायद्यावरून झाला, हे वऱ्हाडाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच नोंदलेले आढळते.

कारंजाची रुई आणि पन्नास रुपये : वरच्या स्तरावरील या वादापेक्षा खालच्या स्तरावरील एक वाद स्थानिक दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. वऱ्हाडी कापूसपेठांत सरकी काढणारे व रुईच्या गाठी बांधणारे कारखाने (जिनिंग-प्रेसिंग) हीच मुख्य संपत्ती होती. मध्य प्रांत नगरपालिका अधिनियम, १९२२ खाली अनेक नगरपालिकांनी या कारखान्यांवर गाठींच्या प्रमाणात कर बसविला. विधीच्या दृष्टीने हा कर व्यवसाय-व्यापारावरील कर ठरे. आयकर हा केंद्राचा विषय असल्याने प्रांतांनी वा नगरपालिकांनी व्यवसायकराच्या नावाने मागील दाराने मिळकतीवर कर घेऊ नये, म्हणून १९३५ च्या अधिनियमात पुढे कलम १४२-अ घालण्यात आले आणि एका व्यक्तीकडून वर्षाला ५० रु. पेक्षा अधिक व्यवसायकर घेण्यास मनाई करण्यात आली. मोठ्या कारखान्यासही हीच मर्यादा.

कारंजा नगरपालिका समिती व तेथे रुई दाबण्याचा धंदा करणारी मुंबईची एक कंपनी यांच्यातील वाद १९४० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर उच्च न्यायालयात गेला आणि ५० रु. ची मर्यादा या करास लागू आहे, असा निर्णय झाला. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने ही मर्यादा २५० रु. केली. धामणगाव (अमरावती जिल्हा) येथील नगरपालिका समितीविरुद्ध भारत कला भांडार या कंपनीने मर्यादेपेक्षा अधिक भरलेली रक्कम परत मिळावी म्हणून दावा लावला. नगरपालिका अधिनियमाने अशा दाव्यांस दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असे ठरविले, की संविधानाने मनाई केलेली वसुली ही अधिनियमाखालील वसुलीच नव्हे. सबब तो अडसर येथे लागू होत नाही व जादा रक्कम परत केली पाहिजे. तत्त्व म्हणून हा निर्णय निर्विवाद महत्त्वाचा आहे : करारोपणाचा अधिकार जेथे संपतो तेथे वसूल झालेला पैसा हा परत द्यावयाचा पैसा होय. परंतु त्याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. कापसाने भरलेल्या गाड्यांनी ज्यांचे रस्ते झिजत व ज्यांच्या विहिरींवर कारखान्यांचा भार पडे, त्या लहान नगरपालिकांच्या हातून त्यांच्या गावातील एकमेव भरभक्कम करपात्र वस्तू गेली. दिल्ली व नागपूर यांच्यातील सीमावादात कारंजा व धामणगाव यांचे नुकसान झाले, असेच म्हणावे लागेल. २५० रु. ची मर्यादा १९८८ मध्ये, साठाव्या संविधान दुरुस्तीने, २,५०० रु. झाली. तोपर्यंत महाराष्ट्रात हा कर राज्याने स्वतःकडे घेतला होता (१९७५) आणि १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेच्या खर्चाशी तो जोडला गेला होता.

संविधानोत्तर व्यवस्था : संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार विधीच्या प्राधिकाराखेरीज कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही. सातव्या अनुसूचीत आयकर (शेती उत्पन्न वगळून), सीमाशुल्क इ. विषय संघाकडे, जमीन महसूल, शेती उत्पन्नावरील कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, वाहनकर इ. राज्यांकडे आहेत. कापसाच्या बाबतीत राज्याच्या हातावर आणखी एक बंधन होते. केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ खाली कापूस ‘घोषित माल’ ठरल्याने त्यावरील राज्याच्या विक्रीकराला कमाल मर्यादा होती. प्रारंभी ती दोन टक्के होती व १९७५ मध्ये चार टक्के झाली.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा परिषदेचा मुख्य कर म्हणजे जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावरील उपकर; पंचायत समितीच्या मागणीवरून तो वाढविताही येतो. जमीन महसूलच जेथे अल्प, तेथे त्यावरील उपकर किती येणार, हे सांगावयास नको. ग्रामपंचायतींना मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ अन्वये घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, यात्राकर इ. घेता येतात. मात्र आपल्याच गावातील शेजाऱ्याच्या घरावर पट्टी वाढविणे हे निवडून आलेल्या पंचास अवघड जाते. नगरपालिकांचा आधार जकात हा होता. ती १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रांतून रद्द झाली व तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. नाक्यावरील खोळंबा थांबला, याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु स्वतःच्या अधिकाराने मिळणारे उत्पन्न जाऊन त्या जागी मागून मिळणारे उत्पन्न आले. ७३ व्या व ७४ व्या संविधान दुरुस्त्यांनी (१९९२) पंचायती व नगरपालिकांना संविधानिक दर्जा आणि राज्य वित्त आयोगाची तरतूद मिळाली. कर कोणते द्यावयाचे, हे मात्र राज्य विधिमंडळाच्याच मर्जीवर राहिले.

१०१ व्या संविधान दुरुस्तीने (२०१६) केंद्र व राज्ये यांना वस्तू व सेवा करासाठी एकाच वेळी विधी करण्याचा अधिकार दिला आणि १ जुलै २०१७ पासून हा कर अमलात आला. उत्पादन शुल्क व विक्रीकर यांच्या सीमेवरील ऐंशी वर्षांचा वाद त्यामुळे बहुतेक वस्तूंपुरता संपला. राज्यसूचीतील जकात व प्रवेशकराची नोंद वगळण्यात आली. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून विकत घेतलेल्या कच्च्या कापसावरील पाच टक्के कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरावयाचा ठरला. त्याचा अर्धा भाग केंद्राचा, अर्धा राज्याचा. म्हणजे कारंजाच्या बाजारात आलेल्या एका गाडीवर दोन सरकारांचा समसमान हिस्सा एकाच पावतीवर पडू लागला. दुअंमलातील हिस्सेदारीशी याचे बाह्य साम्य आहे. फरक असा, की हे हिस्से परिषदेत बसून ठरविले जातात.

बाजारशुल्काचा प्रश्न २०२० मध्ये पुन्हा निघाला. संसदेने केलेल्या शेतमाल व्यापारविषयक अधिनियमाने बाजार आवाराबाहेरील व्यापारावर राज्यांनी शुल्क घेऊ नये, असे ठरविले. बाजार व जत्रा हा राज्यसूचीतील विषय असल्याने संसदेला हा अधिकार कोठून आला, यावर तीव्र वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंमलबजावणी स्थगित केली व त्याच वर्षाच्या अखेरीस तो अधिनियम रद्द झाला. बाजार समित्यांचे शुल्क राज्यांच्याच विधीखाली राहिले.

वस्तू व सेवा कराच्या प्रारंभिक रचनेतून पाच पेट्रोलजन्य पदार्थ बाहेर ठेवण्यात आले. त्यांत पेट्रोल व डिझेल यांचा समावेश आहे. त्यामुळे या पदार्थांवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा विक्रीवरील कर असे दोन्ही कर घेतले जातात आणि ग्वायर, सुलेमान व जयकर यांनी १९३८ मध्ये आखलेली रेषा वाशिम-कारंजा मार्गावरील पेट्रोलपंपांपुरती तरी कायम आहे.